संकट सगळ्यांवर येतं, बाहेर पडायची वाट मात्र काहींनाच असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: हवामानबदल, आपत्ती आणि सशस्त्र संघर्ष यांचा मार पुन्हा पुन्हा त्याच लोकांवर का पडतो, हे तिन्ही एकत्र आले की नेमकं काय होतं, आणि मदतकार्यात पहिल्यांदाच उतरणाऱ्याने कशाकडे लक्ष द्यावं? विस्थापितांच्या छावण्यांमध्ये पाणी, स्वच्छता आणि नोंदणी या कामांत माझी वीसेक वर्षं गेली. त्या अनुभवातून जे उमगलं ते सांगतो.

माझं सगळं उत्तर ‘वाट’ या एका शब्दाभोवती फिरतं. संकट आलं की माणूस काय करतो? पळतो, घर सोडतो, काहीतरी विकतो, उसनं मागतो, नातेवाइकांकडे जाऊन राहतो, सरकारदरबारी खेटे घालतो, दुसरं काम धरतो. या त्याच्या वाटा. ज्याच्याकडे अशा सहा वाटा आहेत तो दोन बंद झाल्या तरी निभावून नेतो. ज्याच्याकडे मुळात दीडच वाट आहे तो पहिल्या धक्क्यालाच अडकतो. अहवालांमध्ये आम्ही ‘असुरक्षित समुदाय’ असं लिहितो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ही दीड वाटवाली माणसं असतात. तिन्ही संकटं एकत्र आली की नुसती बेरीज होत नाही. एका संकटातून सुटायची जी वाट असते, नेमकी तीच दुसरं संकट अडवून धरतं. दुष्काळात माणूस गुरं घेऊन पाण्याकडे निघतो, पण मध्ये लढाई पेटलेली असेल तर त्याला माघारी फिरावं लागतं. लढाईतून पळालेला माणूस मिळेल त्या जागेवर झोपडी उभी करतो. रिकामी जागा सहसा रिकामी राहिलेली असते ती पाणी भरतं किंवा दरड येते म्हणून, आणि पावसाळ्यात ते त्याला कळतं.

आधी आपत्तीबद्दल. बांगलादेशात एप्रिल १९९१ मध्ये मोठं चक्रीवादळ आलं आणि सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. नंतरच्या पाहणीत २० ते ४४ या वयोगटातल्या बायकांचा मृत्युदर हजारी ७१ निघाला, त्याच वयाच्या पुरुषांचा हजारी १५. वारा तोच, लाटही तीच. पण इशारा बाजारात आणि चौकात पोहोचला होता, तिथे पुरुष होते. बायका घरात होत्या, काखेत मूल होतं, निवारा केंद्रात परक्या पुरुषांसोबत रात्र काढायची भीती होती, आणि घरातल्या पुरुषाच्या होकाराशिवाय बाहेर पडायची मुभा अनेकींना नव्हती. म्हणजे वाट होती, पण ती त्यांच्यासाठी उघडी नव्हती. जपानमध्ये २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर पाहणी झाली, तेव्हा अपंग व्यक्तींचा मृत्युदर बाकीच्यांच्या साधारण दुप्पट आढळला. आपत्तीची तयारी जगात सर्वांत चांगली समजली जाते अशा देशातली ही गोष्ट आहे.

असुरक्षितता म्हणजे फक्त गरिबी, असंही समजू नका. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि एरवीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. तिथे एकमेकांना लागून असलेल्या दोन वस्त्यांचा अभ्यास झाला. दोन्हींत गरीब आणि एकटे राहणारे म्हातारे साधारण सारख्याच प्रमाणात होते, तरी एकीत मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या दहापट होतं. जिथे माणसं कमी गेली तिथे रस्त्यावर दुकानं आणि वर्दळ होती, म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती, कोणी दिसलं नाही तर शेजारी चौकशी करत होते. दुसरीकडे उद्योग गेल्यावर वस्ती ओस पडली होती आणि भीतीपोटी म्हातारी माणसं खिडक्या-दारं लावून आत बसली होती. शेजारी ही फार मोठी वाट आहे. युद्ध सगळ्यात आधी तीच तोडतं, कारण कोण कोणाच्या बाजूचा हा प्रश्न आला की शेजारी शेजाऱ्याचं दार वाजवत नाही.

हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने २०२२ च्या अहवालात दिलेला एक आकडा मी प्रशिक्षणात नेहमी सांगतो: २०१० ते २०२० या दशकात पूर, दुष्काळ आणि वादळांमुळे होणारे मृत्यू अतिअसुरक्षित प्रदेशांत सुरक्षित प्रदेशांच्या १५ पट होते. हवामान बदलतंय सगळ्या पृथ्वीवर. मग हा पंधरापटीचा फरक येतो कुठून? घर कशाचं आहे, दवाखाना किती लांब आहे, इशारा कोणापर्यंत गेला, आणि कारभार करणाऱ्यांना या माणसांची पर्वा आहे की नाही, यांतून तो येतो.

दुष्काळाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिन्ही धागे तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतात. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवलं की लाखो माणसं मेली ती धान्य नव्हतं म्हणून नव्हे. धान्य मिळवायचा त्यांचा हक्क, म्हणजे मजुरी, पैसा, व्यवहारातली पत, कोसळली होती. छावणीत आलेल्या कुटुंबाशी निवांत बोललात तर हे कोसळणं पायरीपायरीने ऐकायला मिळतं. पहिल्यांदा जेवणाची एक वेळ कमी होते, आणि ती आधी आईची कमी होते. मग भांडी, दागिने, दारं-खिडक्या विकल्या जातात. गुरं विकायला काढावीत तर सगळ्यांनीच बाजारात आणलेली असतात, त्यामुळे भाव पडलेला असतो. मग बियाणं खाल्लं जातं. मुलीचं लग्न लवकर उरकलं जातं, मुलगा कामाला किंवा बंदूकधाऱ्यांकडे जातो. सगळ्यात शेवटी घर सोडलं जातं. म्हणजे माणूस तुमच्या तंबूपर्यंत येतो तेव्हा त्याने मागच्या सगळ्या वाटा वापरून संपवलेल्या असतात. ‘मदतीच्या आशेने लोक येतात’ असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं आणि राग येतो.

सोमालियात २०१० च्या अखेरीला येणारा पाऊस हुकला. त्याआधीपासूनच, ऑगस्टपासून, पूर्वसूचना यंत्रणा इशारे देत होती. दक्षिण सोमालिया अल-शबाब या सशस्त्र इस्लामी गटाच्या ताब्यात होता. त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला आधीच बंदी केली होती. दुसरीकडे दहशतवादविरोधी कायद्यांमुळे, मदत चुकून अल-शबाबच्या हाती पडली तर आपल्यावर खटला होईल, या भीतीने अमेरिकेसह देणगीदारांनी हात आखडता घेतला होता. जिथे माणसं उपासमारीने मरतात अशा टोकाच्या दुष्काळाची (इंग्रजीत ‘फॅमिन’) अधिकृत घोषणा झाली २० जुलै २०११ ला. अशा घोषणेचे निकष कडक आहेत: पाचातल्या एका कुटुंबाला अन्नाची टोकाची टंचाई, तीस टक्क्यांहून जास्त मुलं तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू. म्हणजे घोषणेची वाट बघत बसलो तर मृत्यू मोजायचं कामच उरतं. नंतरच्या अंदाजानुसार ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सुमारे २ लाख ५८ हजार माणसं गेली, त्यात निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुलं होती.

यात एक गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही. मृत्यू सगळ्या समाजगटांत सारखे झाले नाहीत. सर्वाधिक फटका बसला तो दक्षिणेतल्या रहनवेन आणि बंटू या शेती करणाऱ्या, राजकारणात मागे टाकलेल्या गटांना. ताकदवान कुळांतल्या अनेक कुटुंबांचं कोणी ना कोणी परदेशात होतं, तिथून पैसे येत, शहरात नातलग होते. या गटांकडे हे जाळं नव्हतं. जे विस्थापित होऊन मोगादिशूच्या छावण्यांत पोहोचले त्यांच्या वाट्याची मदतही तिथले ‘रखवालदार’ म्हणवणारे दलाल मध्येच काढून घेत. पाऊस कोणाचं कुळ विचारून पडत नाही, पण मरण कुळ पाहून आलं.

२०१६-१७ मध्ये तिथे पुन्हा भीषण दुष्काळ पडला. या वेळी मात्र मदत लवकर आली आणि तिचा मोठा भाग थेट रोख रक्कम म्हणून मोबाइलवरून घराघरात गेला. लोकांनी बाजारातून धान्य आणि पाणी घेतलं, आणि २०११ ची पुनरावृत्ती टळली. २०२० पासून लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले, तेव्हाही टोकाच्या दुष्काळाची, म्हणजे ‘फॅमिन’ची, घोषणा करायची वेळ आली नाही, पण २०२२ या एका वर्षात अंदाजे ४३ हजार जास्तीचे मृत्यू झाले. इथे हवामानबदलाचा हात स्पष्ट होता. हवामानशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाच्या अंदाजानुसार असा दुष्काळ मानवनिर्मित तापमानवाढीमुळे किमान शंभरपट अधिक संभाव्य झाला आहे. ज्यांनी वातावरणात जवळपास काहीच सोडलं नाही त्यांची गुरं मेली, आणि याला अन्याय म्हणायला मी कचरत नाही.

मग हवामानबदलामुळे युद्धं होतात का? हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानात येतो आणि मी त्याला सावधपणे उत्तर देतो. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी सुदानमधल्या दारफुरच्या संघर्षामागे पर्यावरणाचं संकटही आहे असं लिहिलं. ते अगदीच चूक नव्हतं. कुरणं आटली, पशुपालक आणि शेतकरी एकाच पाण्यावर आले. पण अशी भांडणं पूर्वी पंचांच्या बैठकीत मिटत. ती मिटवणारी व्यवस्था खार्तुमच्या सरकारने मोडली, एका बाजूच्या हातात बंदुका दिल्या आणि गावं जाळायची मोकळीक दिली. दोष पावसावर ढकलला की हे करणारे सुटतात. सीरियातला २००६ नंतरचा दुष्काळ आणि २०११ चा उठाव यांच्या संबंधावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर कोरडं पडलेलं रान ठिणगी पाडत नाही, पण पडलेली ठिणगी विझणं अवघड करतं. उलट दिशेचा संबंध मात्र मी स्वतः पाहिला आहे आणि त्याबद्दल मला शंका नाही: युद्ध माणसांना हवामानापुढे उघडं पाडतं.

लिबियातलं डेर्ना घ्या. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री डॅनियल वादळाचा पाऊस शहरामागच्या दोन धरणांमध्ये साठला, धरणं एकामागून एक फुटली आणि शहराचा मोठा भाग झोपलेल्या माणसांसकट समुद्रात गेला. हजारो माणसं गेली. ही धरणं १९७० च्या दशकातली. दुरुस्तीचं काम २००७ मध्ये एका परदेशी कंपनीकडे दिलं होतं, ते २०१० मध्ये सुरू झालं, पण २०११ मध्ये लढाई सुरू झाली आणि काम थांबलं ते थांबलंच. २०२२ मध्ये ओमर अल-मुख्तार विद्यापीठातल्या एका अभियंत्याने शोधनिबंधात लिहिलं होतं की मोठा पूर आला तर डेर्नाच्या लोकांवर अनर्थ कोसळेल. ते वाचून हलायला सरकार कुठलं? देशात दोन सरकारं होती आणि दोन्हींचं लक्ष एकमेकांवर होतं. हवामान विभागाची यंत्रणा धड असती तर बहुतेक जीव वाचले असते, असं जागतिक हवामानशास्त्र संघटनेचे तेव्हाचे प्रमुख पेटेरी तालास म्हणाले. पाऊस तापमानवाढीने वाढवला असेल, पण भिंत बारा वर्षांच्या भांडणाने पोखरली होती.

युद्ध संपल्यावरही त्याची झळ उरते. बोस्नियात १९९५ मध्ये लढाई थांबली, पण जमिनीतले भूसुरुंग राहिले. कुठे पाय ठेवायचा नाही हे लोक धोक्याच्या पाट्या पाहून ठरवत. मे २०१४ च्या महापुरात आणि दरडींत पाट्या वाहून गेल्या आणि सुरुंगही जागचे हलले. वीस वर्षं जपून ठेवलेली माहिती एका आठवड्यात निरुपयोगी झाली, आणि घरातला चिखल काढायला फावडं उचलणंही जोखमीचं ठरलं.

किंवा ६ फेब्रुवारी २०२३ चा भूकंप. तुर्कस्तानात जगभरची बचाव पथकं पोहोचत होती. सीमेपलीकडे बंडखोरांच्या ताब्यातल्या वायव्य सीरियात, जिथे आधीच लाखो विस्थापित एकवटलेले होते, संयुक्त राष्ट्रांची मदत न्यायला सुरक्षा परिषदेने बाब अल-हवा हे सीमेवरचं एकच नाकं मंजूर केलेलं होतं. पहिला ताफा ९ तारखेला गेला. आणखी दोन नाकी उघडायला दमास्कसच्या सरकारने मान्यता दिली १३ तारखेला. ढिगाऱ्याखालचा माणूस किती तास तग धरतो हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्या तारखा नुसत्या लिहितानाही त्रास होतो. म्यानमारमध्ये मे २००८ च्या नर्गिस वादळानंतर तर लढाईची रेषाही नव्हती. लष्करी राजवटीला बाहेरच्यांची भीती होती, एवढंच कारण पुरलं. परदेशी मदत कर्मचाऱ्यांना जवळपास तीन आठवडे अडवून ठेवलं, आणि मृत व बेपत्ता मिळून आकडा १ लाख ३८ हजारांवर गेला.

आपत्तीमुळे शांतता येते असंही कधी कधी म्हटलं जातं. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये तीन दशकांचा संघर्ष थांबला, ऑगस्ट २००५ मध्ये हेलसिंकीत करार झाला. तीच त्सुनामी श्रीलंकेत आली. मदत वाटण्यासाठी सरकार आणि तमिळ वाघांची संयुक्त यंत्रणा ठरली, न्यायालयात अडकली, आणि पुढच्याच वर्षी युद्ध नव्याने भडकलं. फरक पाण्याच्या उंचीत नव्हता. आचेमध्ये त्सुनामीआधीच बोलणी सुरू करायची तयारी दोन्हीकडे झाली होती. श्रीलंकेत मदत कोणाच्या हातून वाटली जाईल यावरूनच अविश्वास वाढला. मदतीचा ट्रक कोणाच्या दारात थांबतो हा संघर्षाच्या प्रदेशात राजकीय प्रश्न असतो. आम्ही तटस्थ आहोत एवढं म्हणून तो सुटत नाही.

विस्थापनाकडे येतो. २०२४ च्या अखेरीस जगात ८ कोटी ३४ लाख माणसं आपल्याच देशात विस्थापित होती, त्यातली बहुतेक संघर्षामुळे. देशाची सीमा न ओलांडलेल्या या माणसांना १९५१ चा निर्वासित करार लागू होत नाही. समुद्र वाढला म्हणून सीमा ओलांडलेल्यालाही तो करार निर्वासित मानत नाही. पॅसिफिक महासागरातल्या किरिबाती या बेटदेशाच्या इओआने तेइतिओता यांनी न्यूझीलंडमध्ये आसरा मागितला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०२० मध्ये त्यांचा दावा मान्य केला नाही, पण हवामानबदलामुळे जीव धोक्यात येत असेल तर माणसाला परत पाठवणं हक्कभंग ठरू शकतं हे तत्त्व मान्य केलं. आफ्रिकी देशांचा २००९ चा कंपाला करार पुढचं पाऊल आहे. त्यात नैसर्गिक आपत्तीने विस्थापित झालेल्यांची जबाबदारीही सरकारांवर टाकली आहे. पण ज्यांचा आकडाच होत नाही अशीही माणसं असतात. निघायला भाडं नाही, म्हातारी आई उचलून नेता येत नाही, चौकीवर कागद मागतात, म्हणून मागे राहिलेली. त्यांना कोणी विस्थापित म्हणत नाही आणि सगळ्यात मोठा धोका त्यांनाच असतो.

कागदाचं एक उदाहरण सांगतो. जागा सांगत नाही, कारण त्या माणसांना अजून तिथेच राहायचं आहे. पुरानंतर एका छावणीत मी नोंदणीच्या टेबलावर होतो. एक बाई दोन मुलांना घेऊन तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा रांगेत आल्या होत्या. शिधापत्र कुटुंबप्रमुखाच्या नावाने मिळत असे. त्यांचा नवरा दोन वर्षांपूर्वी एका चौकीवर उतरवून नेला तो परत आला नव्हता. मेल्याचा दाखला नाही, म्हणून त्या विधवा नव्हत्या. नवरा हजर नाही, म्हणून कुटुंब पूर्ण नव्हतं. अर्जावर ‘विवाहित’ आणि ‘विधवा’ असे दोनच चौकोन होते. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला, पाण्याने निम्मा पुसला गेलेला, आणि मला म्हणाल्या, “हा आहे की नाही, ते तुम्हीच लिहा.” अर्जावर तिसरा चौकोन आणायला आम्हाला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत त्या कशावर जगल्या हे मी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची माझी हिंमत नव्हती. त्यानंतर छावणीत अशा चाळीसहून जास्त बायका निघाल्या. युद्धाने नवरा नेला होता, पुराने घर नेलं होतं, आणि उरलेली वाट आमच्या अर्जाने अडवली होती.

दुसरी चूकही आमच्याच गटाची. मदतकार्याचे किमान मानदंड सांगतात: माणशी रोज १५ लिटर पाणी, पाणवठा ५०० मीटरच्या आत, २० माणसांमागे एक शौचालय, माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर. आम्ही शौचालयांचा आकडा वेळेत पूर्ण केला आणि अहवालात तसं लिहिलंही. महिन्याभराने दवाखान्यातल्या परिचारिकेने सांगितलं की बायकांमध्ये लघवीच्या जळजळीच्या तक्रारी फार आहेत. आमच्या गटात चौघेही पुरुष, आम्हाला काही सुचेना. मग तिनेच बायकांशी बोलून उलगडा केला. शौचालयाच्या दारांना आतून कडी नव्हती, वाटेवर दिवा नव्हता आणि वाट पहारेकऱ्यांच्या तंबूवरून जात होती. अंधार पडल्यावर जावं लागू नये म्हणून बायका दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या. आम्ही पंधरा लिटर मोजत होतो आणि त्या तहानलेल्या राहत होत्या. कड्या, सौर दिवे आणि वाट दुसरीकडून काढणं, एवढंच करायचं होतं.

उपयोगाचं काय ठरतं? बांगलादेशाचं उदाहरण मी पुन्हा देईन. १९७० च्या भोला चक्रीवादळात ३ ते ५ लाख माणसं गेली, २००७ च्या सिद्रमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास. मधल्या काळात निवारे बांधले गेले, बंधारे आले, उपग्रह आले. पण १९७२ पासून उभं राहिलेलं स्वयंसेवकांचं जाळं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आज त्यात ७० हजारांहून जास्त माणसं आहेत आणि निम्म्या स्त्रिया. इशारा घेऊन घरात शिरणारी बाई असली तर घरातली बाई बाहेर पडते. १९९१ चा धडा तिथे असा गिरवला गेला.

दुसरं म्हणजे पैसा आधी पोहोचवणं. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात जमुनेचा पूर येणार हे अंदाजावरून कळल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून पाणी शिगेला पोहोचण्याआधीच कुटुंबांना रोख रक्कम देण्यात आली. पूर येण्याआधी हातात आलेल्या पैशाने माणूस गुरं हलवतो, धान्य उंचावर ठेवतो. तीच रक्कम नंतर मिळाली तर सावकाराला जाते. वस्तू वाटायच्या की रोख, या वादात मी बाजार चालू असेल तिथे रोखीच्या बाजूने आहे. बाजार लढाईने बंद पाडला असेल तर मात्र धान्यच न्यावं लागतं.

तिसरं, तिथल्याच माणसांच्या हातात काम देणं. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटल्यावर आंतरराष्ट्रीय संस्थांचे बहुतेक लोक खार्तुममधून बाहेर पडले. मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या तरुणांनी ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्ष’ काढून सामुदायिक स्वयंपाकघरं आणि दवाखाने चालवले, अनेकांनी त्यात जीव गमावला. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरच्या झमझम छावणीत टोकाच्या दुष्काळाची (‘फॅमिन’) स्थिती असल्याचं तज्ज्ञांनी जाहीर केलं. अशा ठिकाणी बाहेरचा ट्रक पोहोचेपर्यंत जे कोणी हात देतात ते हेच. २०१६ मध्ये मोठ्या देणगीदारांनी मदतनिधीचा २५ टक्के वाटा शक्य तितका थेट स्थानिकांकडे द्यायचं ठरवलं होतं. थेट दिलेला पैसा त्याच्या जवळपासही पोहोचलेला नाही. हवामानासाठीच्या निधीचंही तेच. जिथे लढाई आहे तिथे हिशेब देणारी यंत्रणा नसते, म्हणून निधी जात नाही, आणि निधी जात नाही म्हणून ती उभीही राहत नाही. २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत, हवामानबदलाची झळ बसलेल्या गरीब देशांसाठीचा ‘हानी-नुकसान निधी’ मंजूर झाला, पुढच्या वर्षी दुबईत त्यासाठी सुमारे ७० कोटी डॉलरची आश्वासनं आली. जगभरच्या नुकसानीपुढे ही रक्कम फार थोडी आहे, आणि तीही संघर्षग्रस्त वस्त्यांपर्यंत कशी न्यायची याची पद्धत अजून बसायची आहे.

आता तुमच्या पहिल्या आठवड्याबद्दल. रांगेत कोण आहे यापेक्षा रांगेत कोण नाही हे आधी शोधा: अंथरुणाला खिळलेले, भाषा न येणारे, ज्यांच्या गटाशी बाकीचे बोलत नाहीत असे. छावणीच्या पार टोकाच्या तंबूंत जा, मदत तिथे सगळ्यात शेवटी पोहोचते. बायकांशी बायकांनाच बोलू द्या आणि तुम्ही पुरुष असाल तर ते बोलणं चालू असताना तिथे थांबू नका. यादी कोणी बनवली, त्याचं नातं कोणाशी आहे, हे विचारा. नावं, फोटो, कोण कुठल्या गावचा, ही माहिती जिवापाड जपा, कारण संघर्षात अशी यादी चुकीच्या हाती पडली तर माणसं मारली जातात. गरजेपेक्षा जास्त माहिती लिहूनच घेऊ नका. आणि संध्याकाळी, अंधार पडल्यावर, एकदा शौचालयापर्यंतच्या वाटेने स्वतः चालत जा. दिवा लागतो का बघा. आत जाऊन दार लावा आणि कडी लागते का तेही बघा.